परसात आठ कोंबड्या चालतात, कोंबडा चालत नाही

रानजाई | ८ फेब्रुवारी

मंडळी, नमस्कार.

यंदा परसात चार कोंबड्या आणायचं घरी ठरलं आहे. आम्ही वेस्ट सिॲटलला राहतो, म्हणजे सिॲटल शहराच्या हद्दीतच. जागा जेमतेम पाच हजार चौरस फूट. त्यात घर, मागे सफरचंदाचं एक जुनं झाड आणि बाकी गवत. माझं लहानपण चिपळूणजवळच्या एका वाडीत गेलं. आजीकडे पंधरा-वीस कोंबड्या असायच्या. तिन्हीसांजेला त्या आपणहून खुराड्यात शिरायच्या आणि फळी लावायच्या आधी आजी हात आत घालून एकेक चाचपून मोजायची. एक जरी कमी भरली तरी कंदील घेऊन शोध सुरू. मी मागे मागे.

तिथे कुणाला विचारावं लागलं नाही. इथे मात्र आधी नियम आणि मग पिल्लं, असं मी ठरवलं. पंधरा दिवस वाचण्यात गेले. कळलं ते इथे लिहून ठेवते. चुकत असेल तर सांगा, आणि तुमच्या गावचे नियमही लिहा.

पहिली गोष्ट म्हणजे "अमेरिकेत कोंबड्या पाळता येतात का?" या प्रश्नाला उत्तरच नाही. किती पाळायच्या, कुठे ठेवायच्या हे शहर ठरवतं. सिॲटलचा नियम बेलव्ह्यूला लागू नाही, बेलव्ह्यूचा रेडमंडला नाही. रस्त्याच्या या बाजूला चालतं आणि त्या बाजूला नाही, असंही होऊ शकतं. त्यामुळे आपलं घर नेमकं कोणत्या हद्दीत येतं, ते आधी बघा.

सिॲटलचा नियम नगरपालिकेच्या संहितेत २३.४२.०५२ या कलमात आहे. २०१० पर्यंत इथे तीनच कोंबड्या ठेवता यायच्या. ते वर्ष शहराने 'शहरी शेतीचं वर्ष' म्हणून पाळलं आणि त्याच वर्षी हा आकडा आठ केला. जागा दहा हजार चौरस फुटांहून मोठी असेल आणि तिथे सामुदायिक बाग किंवा शहरी शेती असेल, तर वरच्या दर हजार चौरस फुटांमागे आणखी एक. कोंबडा मात्र अजिबात नाही. कोंबड्यांसाठी वेगळा परवाना लागत नाही, आणि खुराड्याचं छप्पर १२० चौरस फुटांच्या आत असेल तर बांधकामाचा परवानाही लागत नाही.

आता अंतर. खुराडं शेजारच्या जागेवरच्या राहत्या घरापासून किमान दहा फूट हवं. मी आधी कुंपणापासून दहा फूट धरून बसले होते, त्या हिशेबाने खुराडं सफरचंदाच्या बुंध्यावर येत होतं. परत वाचलं तेव्हा लक्षात आलं की मोजायचं आहे ते शेजाऱ्याच्या घराच्या भिंतीपासून. काल टेप घेऊन नवऱ्याला पलीकडे उभं केलं (शेजारच्या आजींना विचारून). त्यांची भिंत कुंपणापासून बावीस फुटांवर आहे. म्हणजे खुराडं कुंपणापासून तीन फुटांवर आलं तरी चालतं, आणि झाड वाचतं.

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. शेजाऱ्यांना आधी सांगितलंत का, आणि कसं? उंदरांचं काय केलंत? अंडी देणं थांबल्यावर कोंबड्यांचं काय केलंत? तिसऱ्या प्रश्नावर आमच्या घरात अजून एकमत नाही.

सांजवारा | ८ फेब्रुवारी

छान धागा. आम्ही न्यू जर्सीत. आमच्या टाउनशिपमध्ये चालतं, पण आमच्या वसाहतीच्या घरमालक संघाच्या करारात "कुक्कुट व पशुधन वर्ज्य" असं सरळ लिहिलेलं आहे. घर घेताना ऐंशी पानांच्या त्या कागदांवर आम्ही सह्या केल्या, पण हे वाक्य वाचलं नव्हतं. खुराडं आणून ठेवलं आणि तिसऱ्या आठवड्यात पत्र आलं. पिल्लं अजून आणली नव्हती, एवढंच बरं. शहराने परवानगी दिली म्हणजे झालं, असं धरून चालू नका. भाड्याने राहत असाल तर भाडेकरारही वाचा.

तांबडफुटी | ९ फेब्रुवारी

रानजाई, मनापासून लिहिलंत. मी पुण्यातून. आमची जुनी बंगल्यांची सोसायटी आहे, मागे बाराशे चौरस फुटांचं अंगण. २०१८ पासून कोंबड्या आहेत, सध्या गिरिराज आणि ग्रामप्रिया या जातींच्या मिळून सात.

तुमच्याकडे आकडा आहे, अंतर आहे, टेपने मोजता येतं. याचा मला खरंच हेवा वाटला. आपल्याकडे घरगुती पाच-सात कोंबड्यांचा प्रश्न येतो तो 'उपद्रव' या एका शब्दापाशी. महापालिकांच्या कायद्यात उपद्रवाची व्याख्या आहे. नव्या न्याय संहितेत कलम २७० सार्वजनिक उपद्रवाचं आहे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली दंडाधिकारी उपद्रव हटवायचा आदेश देऊ शकतात. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि रात्र म्हणजे दहा ते सहा. कोंबडा आरवतो साडेचारला. म्हणजे बघा.

२०१९ मध्ये पुण्यातच एका पेठेत पहाटे आरवणाऱ्या कोंबड्याविरुद्ध पोलिसांत तक्रार गेली होती, पेपरात आलं होतं. केरळात अडूरला २०२५ च्या फेब्रुवारीत असंच प्रकरण महसूल अधिकाऱ्यांपर्यंत गेलं. कोंबडे शेजारच्या घराच्या वरच्या मजल्यावर ठेवलेले, आणि तक्रार करणाऱ्या वृद्ध गृहस्थांची पहाटे तीनपासून झोपमोड. अधिकाऱ्यांनी जागेवर जाऊन पाहणी केली आणि चौदा दिवसांत शेड हलवायला सांगितलं. मला हा निर्णय आवडला. कोंबडे मारा म्हटलं नाही आणि म्हाताऱ्या माणसाला खिडकी लावून झोपा असंही म्हटलं नाही. जागा बदला, एवढंच.

आमच्याकडेही पहिल्या वर्षी कोंबडा होता. घरात सगळ्यांचा लाडका. समोरच्या बंगल्यात एक बाई रात्रपाळीच्या नर्स होत्या. त्यांनी तक्रार केली नाही. एकदा रस्त्यात भेटल्या तेव्हा सहज म्हणाल्या, "तुमचा कोंबडा ओरडायला लागला की मला कळतं, आज पण झोप नाही." त्या रविवारी मी कोंबडा मुळशीच्या मावशीकडे नेऊन सोडला. मला तेव्हा फार वाईट वाटलं होतं, आजही वाटतं. पण दिवसभर आजाऱ्यांचं करणाऱ्या नाहीतर रात्रभर जागणाऱ्या माणसाची झोप आपण कशी काय मागून घेणार?

लोकांचा एक गैरसमज असतो, म्हणून सांगून टाकतो : अंड्यांसाठी कोंबडा लागत नाही. तलंगा, म्हणजे तरण्या कोंबड्या, वयात आल्या की आपणहून अंडी घालतात. कोंबडा हवा तो पिल्लांसाठी.

नदीकाठ | ९ फेब्रुवारी

इंग्लंडमधून लिहिते आहे. इथली परिस्थिती वेगळीच आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

इथे १९५० च्या अलॉटमेंट कायद्याचं बारावं कलम म्हणजे कोंबडीवाल्यांची ढाल. भाडेकरारात किंवा जमिनीच्या अटींत काहीही लिहिलेलं असो, जमीन ज्याच्या ताब्यात आहे त्याला धंद्यासाठी नव्हे तर घरासाठी कोंबड्या आणि ससे पाळता येतात. फक्त आरोग्याला धोका किंवा शेजाऱ्याला उपद्रव व्हायला नको. आणि या कलमाचं संरक्षण कोंबडीला आहे, कोंबड्याला नाही. युद्धानंतर अन्नाची टंचाई होती, रेशन होतं, त्या काळातला हा कायदा.

पण १ ऑक्टोबर २०२४ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये एक जरी कोंबडी असली तरी सरकारदरबारी नोंदणी सक्तीची झाली. स्कॉटलंडमध्ये महिनाभर आधी. त्यापूर्वी पन्नास पक्ष्यांच्या वर असतील तरच नोंदणी लागायची. कारण बर्ड फ्लू. साथ आली की कुणाकडे किती पक्षी आहेत ते कळायला हवं. सलग काही हिवाळ्यांत पक्षी बंदिस्त ठेवायचा आदेश निघाला. मग महिनोन्‌महिने त्यांना छपराखाली आणि जाळीत ठेवायचं. म्हणून खुराड्याला जोडून झाकलेली, ऐसपैस फिरायची जागा आधीच करा. मी पहिल्या वर्षी केली नव्हती, आणि तीन कोंबड्या सहा बाय चारच्या खोपट्यात कोंडून ठेवाव्या लागल्या. एकमेकींची पिसं उपटायला लागल्या. ते बघवत नव्हतं.

आता आपल्या लोकांना सगळ्यात जड जाणारा नियम. इथे स्वयंपाकघरातून गेलेलं काहीही कोंबड्यांना घालणं हा गुन्हा आहे. शिळी पोळी नाही, भात नाही, भाजीची देठंही नाहीत. २००१ साली लाळ्या-खुरकूताची मोठी साथ आली, तिचं मूळ उष्ट्या खरकट्यात निघालं, तेव्हापासून बंदी. बागेतला पालक तोडून थेट कोंबडीपुढे टाकला तर चालतो. तोच पालक ओट्यावर आणून निवडला की चालत नाही. फक्त संपूर्ण व्हीगन, म्हणजे दूध-अंडीसुद्धा न आणणारं, घर असेल तर सूट आहे. माझ्या सासूबाई इथे आल्या तेव्हा त्यांच्या हातात कणकेचा गोळा आणि मी दारात आडवी, असं रोज चालायचं. "अन्न टाकायचं कसं?" हा त्यांचा प्रश्न होता आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. शेवटी आम्ही पोळ्याच मोजून करायला लागलो.

रानजाई | १० फेब्रुवारी

नदीकाठ, हे मला माहीतच नव्हतं! सिॲटलमध्ये भाजीची देठं घालायला घरगुती पाळणाऱ्यांना अशी आडकाठी नाही. फक्त अ‍ॅव्होकॅडोची साल, कच्चे कडधान्याचे दाणे आणि चॉकलेट घालायचं नाही, असं वाचलं.

तांबडफुटी, नर्सबाईंची गोष्ट वाचून मी आजच पलीकडच्या आजींकडे जाऊन आले. त्यांना आमच्या मनात काय आहे ते सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, लहानपणी त्यांच्या घरी आयडाहोत कोंबड्या होत्या. वास आला तर लगेच सांगायचं, मनात ठेवायचं नाही, असं ठरलं.

पलीकडची | १० फेब्रुवारी

मी दुसरी बाजू मांडते, राग मानू नका. मी डोंबिवलीला तळमजल्यावर राहते. शेजारच्या बिल्डिंगमधल्या कुटुंबाने मागच्या चिंचोळ्या जागेत दहा-बारा कोंबड्या ठेवल्या होत्या. माणसं चांगली, पण जागाच नव्हती. खाद्य रात्रभर उघडं. दोन महिन्यांत घुशी झाल्या. आमच्या मोरीच्या जाळीतून आत यायच्या. पावसाळ्यात शिट कुजून जो वास यायचा तो कपाटातल्या कपड्यांना लागायचा. माझ्या मुलीला दमा आहे. वर्षभर मी खिडकी उघडली नाही.

सोसायटीत अर्ज केला, पालिकेत अर्ज केला, प्रत्येकाने दुसऱ्याकडे बोट दाखवलं. शेवटी त्यांनीच कंटाळून कोंबड्या गावी पाठवल्या. आजही त्यांच्याशी बोलणं नाही, आणि याचं मला वाईट वाटतं, कारण आधी आमच्या पोरी एकत्र खेळायच्या. दहा फुटांचा नियम आमच्याकडे असता तर त्या जागेत एकही कोंबडी बसली नसती आणि आमची मैत्री टिकली असती. नियम असावा असं मला वाटतं, आणि तो पाळणाऱ्याच्याही भल्याचाच असतो.

तांबडफुटी | १० फेब्रुवारी

ताई, राग कसला. बरं झालं लिहिलंत.

उंदीर-घुशी कोंबड्यांमुळे येत नाहीत, सांडलेल्या खाद्यामुळे येतात. आमची पद्धत : दिवे लागायच्या आत भांडी उचलायची आणि खाद्य पत्र्याच्या डब्यात ठेवायचं. प्लास्टिकचा डबा घूस एका रात्रीत कुरतडते. खुराड्यात भाताच्या तुसाची चार-सहा इंचांची गादी, ती रोज दाताळ्याने हलवायची. गादी कोरडी असेल तर वास येत नाही. ओली झाली की अमोनिया डोळ्यांना झोंबतो. खाली बसा, तोंड कोंबडीच्या उंचीला न्या आणि श्वास घ्या. तुमच्या डोळ्यांत पाणी आलं तर तिच्याही येतंय.

काळीमाती | ११ फेब्रुवारी

रानजाई, मी टॅकोमात असते, तुमच्यापासून तासाभरावर. नियमांच्या यादीत नसलेली एक गोष्ट तुमच्या भागासाठी महत्त्वाची आहे : माती.

टॅकोमाजवळ रस्टनला तांबं गाळायचा मोठा कारखाना होता, १९८० च्या दशकात बंद झाला. जवळजवळ शंभर वर्षं त्याच्या धुराड्यातून आर्सेनिक आणि शिसं पडत राहिलं. त्याचा पट्टा हजार चौरस मैलांहून मोठा आहे, वॅशॉन बेट आणि किंग काउंटीचा दक्षिण भाग त्यात येतो. वेस्ट सिॲटल फार लांब नाही. त्यातून तुमचं घर जुनं असेल तर १९७८ पूर्वीच्या रंगात शिसं असू शकतं, आणि भिंतीलगतच्या मातीत ते वर्षानुवर्षं खरवडून पडलेलं असतं. कोंबडी दिवसभर माती उकरते, खडे गिळते, धुळीत लोळते. ते शिसं अंड्यात उतरतं. न्यूयॉर्कच्या सामुदायिक बागांमधली अंडी तपासली तेव्हा त्यांत शिसं सापडलं होतं.

खुराडं बांधायच्या आधी मातीचा नमुना तपासून घ्या. आमच्या मातीत शिसं निघालं. आम्ही मग वरची माती उकरता येणार नाही असं कापड अंथरलं आणि त्यावर आठ इंच लाकडाचा भुसा घातला. भिंतीजवळ कोंबड्यांना फिरकू देत नाही.

डोंगरवाट | ११ फेब्रुवारी

नदीकाठ यांनी नोंदणीचं लिहिलं म्हणून लिहितो. मी नवापूर तालुक्यातला.

फेब्रुवारी २००६ मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू आमच्याकडे सापडला. मी सातवीत होतो. मोठमोठ्या पोल्ट्रीफार्मांचं पेपरात आलं, टीव्हीवर आलं. पण पथकं घरोघरीही फिरली. आईच्या सात कोंबड्या होत्या. पांढरे कपडे, तोंडावर मास्क, डोळ्यांवर चष्मे, अशी माणसं दारात आली तेव्हा धाकटी बहीण घाबरून माळ्यावर चढली. आईने सहा दिल्या. एक खुडूक होती, अंड्यांवर रवणीला बसलेली. ती आईने डालग्याखाली झाकली आणि वर गोधडी टाकली. माणसं पुढच्या घरी गेली. रात्री वडील आईला एवढंच म्हणाले, "पोरं त्याच घरात झोपतात." सकाळी आईने ती कोंबडी स्वतः नेऊन दिली. अंडी खड्ड्यात पुरली.

बर्ड फ्लूसाठीच्या भारताच्या आजच्या कृती आराखड्यात बाधित जागेभोवती एक किलोमीटरच्या आत पक्षी नष्ट करतात आणि दहा किलोमीटरपर्यंत लक्ष ठेवतात. त्यात परसातल्या चारही येतात. शहरात पाळणाऱ्यांना हे कुणी सांगत नाही. नोंद असावी, मेलेला पक्षी कुणाला कळवायचा ते माहीत असावं, आणि अशा वेळी लपवू नये. आमच्या आईने एक रात्र लपवली. ती रात्र तिला अजून आठवते.

रानजाई | ११ फेब्रुवारी

डोंगरवाट, तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. काय लिहू कळत नाही. तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा.

गुरांचा_डॉक्टर | १२ फेब्रुवारी

सेवानिवृत्त पशुवैद्यक आहे. लसींबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून.

महाराष्ट्रात पाळणाऱ्यांसाठी : मानमोडी, म्हणजे राणीखेत, हा परसातल्या कोंबड्यांचा सगळ्यात मोठा शत्रू. मान पिळवटते, हिरवी हगवण लागते आणि दोन-तीन दिवसांत खुराडं रिकामं. यावर औषध नाही, लसच आहे. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा ही राणीखेतची लस, डोळ्यात एक थेंब. चौदाव्या दिवसाच्या सुमारास गंबोरो या दुसऱ्या रोगाची. चार आठवड्यांनी लासोटा पुन्हा. सहाव्या आठवड्यात देवीची, आठव्यात आर-टू-बी, ही राणीखेतचीच पुढची लस. अडचण अशी की कुपी शंभर नाहीतर त्याहून जास्त पक्ष्यांची येते आणि पातळ केल्यावर दोन तासांत संपवावी लागते. सात कोंबड्यांसाठी कुणी आणत नाही आणि मग मानमोडी येते. उपाय सोपा आहे. आजूबाजूचे पाळणारे एकत्र या, एक वार ठरवा, थर्मासमध्ये बर्फ घालून कुपी आणा आणि एका अंगणात सगळ्यांची पिल्लं टोचून घ्या. पुण्यात पिल्लं हवी असतील तर खडकीला सरकारी मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आहे.

परदेशात पाळणाऱ्यांनी पिल्लं घेताना मरेक्स या रोगाची लस दिली आहे का, ते विचारावं.

घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर पिल्लांचे मुके घेऊ देऊ नका. दिसायला निरोगी कोंबडीच्या अंगावरही साल्मोनेला हा जुलाब-तापाचा जंतू असू शकतो. हात साबणाने धुवा, खुराड्याच्या चपला घरात आणू नका, आणि कोंबडीची भांडी स्वयंपाकघरातल्या मोरीत विसळू नका.

आता तुमचा तिसरा प्रश्न. कोंबडी सहा-आठ वर्षं जगते आणि भरभरून अंडी देते ती पहिली दोन. आठचा आकडा म्हातारीलाही मोजतो. चार वर्षांनी चार म्हाताऱ्या आणि चार तरण्या झाल्या की मर्यादा भरली. कापायची की सांभाळायची ते तुमच्या घराने ठरवावं, दोन्हींत मला गैर वाटत नाही. पण पिल्लं आणायच्या आधी ठरवा. नाव ठेवल्यावर ठरवणं फार जड जातं.

सांजवारा | १२ फेब्रुवारी

एक विचारायचं होतं. अंडी स्वस्त पडतात का हो? २०२५ च्या मार्चमध्ये इथे डझनाचा सरासरी भाव ६ डॉलर २३ सेंटवर गेला होता, तेव्हापासून नवरा मागे लागला आहे.

काळीमाती | १२ फेब्रुवारी

नाही पडत. एक कोंबडी दिवसाला शंभर-सव्वाशे ग्रॅम खाते, म्हणजे चौघींना पन्नास पौंडांचं पोतं सात आठवडे पुरतं. तो खर्च फार नाही. पैसे जातात खुराड्यात आणि जाळीत. साधी षट्कोनी कोंबडीजाळी कोंबडीला आत ठेवते, पण रकून या रानटी प्राण्याला बाहेर ठेवत नाही. तो हात घालून ओढतो. अर्ध्या इंचाच्या चौकोनांची जाड जाळी घ्या आणि ती जमिनीवर बाहेरच्या बाजूला दोन फूट पसरून पुरा. साधी कडी त्याला उघडता येते, गिर्यारोहणाचा हूक लावा. आणि डिसेंबरात सिॲटलला जेमतेम साडेआठ तास उजेड असतो. कोंबडीला अंड्यासाठी चौदा-पंधरा तास लागतात. हिवाळ्यात टोपली रिकामीच राहते.

तांबडफुटी | १३ फेब्रुवारी

रानजाई, खुराडं पक्कं बांधू नका, एवढं ऐका. खाली दोन जाड वासे टाका आणि त्यांवर उभं करा, म्हणजे चार माणसांनी ओढलं की सरकेल. आमच्याकडे दोनदा सरकवावं लागलं.

रानजाई | २१ सप्टेंबर

मंडळी, फार दिवसांनी येते आहे. तुम्ही सगळ्यांनी इतकं दिलंत, म्हणून पुढे काय झालं ते सांगायलाच हवं.

माती तपासली. मागच्या गवतात ठीक निघाली, घराच्या भिंतीलगत शिसं जास्त निघालं. तिथे जाळी लावून वाट बंद केली. काळीमाती, तुमच्यामुळे. खुराडं नवऱ्याने वाशांवर उभं केलं, फिरायच्या जागेवर छप्पर घातलं. तिसऱ्या प्रश्नाचाही निर्णय पिल्लांच्या आधी झाला : सांभाळायच्या, आणि म्हणून आठपर्यंत जायचंच नाही.

मार्चमध्ये चार पिल्लं आणली. दुकानात "सगळ्या माद्या" असं सांगितलं होतं, पण दिवसाच्या पिल्लाचं लिंग ओळखण्यात दहातलं एखादं चुकतं, हे नंतर वाचलं. बाराव्या आठवड्यात तांबडीचा तुरा बाकीच्यांहून लालभडक झाला, शेपटीला कमान आली. जूनमधल्या एका सकाळी सव्वापाचला परसातून घसा बसल्यासारखा आवाज आला. लेक धावत आली, "आई, ती रडतेय." ती रडत नव्हती, तो आरवायला शिकत होता.

तांबडफुटी, मला तुमची मुळशी आठवली. चार दिवसांत कार्नेशन नावाच्या गावातल्या एका शेतावर जागा मिळाली, तिथे चाळीस कोंबड्या आणि मोकळं रान आहे. लेकीने खोक्यात त्याच्या अंगाखाली स्वतःचा जुना स्वेटर घातला. येताना गाडीत कुणी बोललं नाही. पलीकडच्या आजी म्हणाल्या, त्यांना चार दिवस काही ऐकूच आलं नाही. त्यांनी माझं मन राखायला म्हटलं असेल.

उरलेल्या तिघी ऑगस्टपासून अंडी देत आहेत. पहिलं अंडं लिंबाएवढं, बदामी रंगाचं, हातात घेतलं तेव्हा गरम होतं. आता रोज संध्याकाळी लेक दारात हात घालून चाचपून मोजते. तिला हे मी शिकवलं नव्हतं. अंधार असतो, तसं केल्याशिवाय मोजताच येत नाही.

आता नवीन अडचण. आजींना गुडघ्यामुळे जिना चढवत नाही. मागच्या आवारात त्या स्वतःसाठी एक लहान, एकमजली घर बांधणार आहेत, पुढचं घर मुलाला देणार. नकाशा त्यांनी मला दाखवला. नव्या घराची भिंत कुंपणापासून पाच फुटांवर येते. आमचं खुराडं कुंपणापासून तीन फुटांवर. नियमात लिहिलं आहे, शेजारच्या जागेवरची ज्यात राहती खोली आहे अशी कुठलीही वास्तू. म्हणजे आठच फूट भरले. आमचं खुराडं आधीपासून आहे असा वाद मला घालायचा नाही. त्या खोलीत त्या झोपणार आहेत.

पुढच्या शनिवारी खुराडं सफरचंदाखाली सरकवतोय. सहा फूट ओढायचं आहे, म्हणजे चौदा फूट भरतील. तिथल्या मातीचा नमुना काल पाठवला. तांबडफुटी, एक सांगा : सरकवताना कोंबड्या आत ठेवायच्या की बाहेर काढायच्या?

तांबडफुटी | २१ सप्टेंबर

बाहेर काढा, डालग्याखाली किंवा मोठ्या खोक्यात, दिवसाउजेडी. सरकवून झाल्यावर दोन-तीन दिवस आत कोंडूनच ठेवा, दार उघडू नका. नाहीतर संध्याकाळी तिघीही जुन्या जागी जाऊन मोकळ्या जमिनीवर बसतील. पहिली संध्याकाळ तुम्ही स्वतः तिथे थांबा. आणि वाशांखाली ओलं गवत घाला, सरकायला सोपं जातं.